मेहराबीतलं आमीन

म्वांबा बेटावरच्या मशिदीची उत्तरेकडची भिंत मोठ्या पावसात बसली आणि तिच्याबरोबर जुनी मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडाही गेला. त्यात नवल काही नव्हतं. भिंत मातीची, तिवराच्या काठ्यांवर लिंपलेली. वाळवीनं ती आतून कधीच खाल्ली होती. व्यापाऱ्यांना तर उलट बरंच वाटलं. सोफालाच्या सोन्यावर त्यांची स्वतःची घरं दगडाची झाली होती, अल्लाचं घर तेवढं मातीचं राहिलं होतं, आणि किल्व्याहून सुलतानाची माणसं आली की ते त्यांना खुपायचं.

शोमारी हा त्या मशिदीचा इमाम आणि बेटाचा मुअल्लिम, म्हणजे शिक्षक. पन्नाशी उलटलेला, हाडकुळा, तरुणपणी किल्व्याला राहून शिकून आलेला. मुलांना कुराण शिकवायचा, वाटणीचे आणि काडीमोडाचे तंटे सोडवायचा, आणि कोणी जिनांच्या गोष्टी घेऊन आलं की आधी विचारायचा, "काल जेवणात काय होतं?"

नवी मेहराब पोवळ्याच्या दगडाची करायची ठरलं. हातिबू गवंड्याचं म्हणणं पडलं, की खाडीतलं पोवळं भुसभुशीत झालंय, मेहराबीच्या कोनाड्याला टिकायचं नाही. बाहेरच्या खडकावरचं आणायला हवं, लाटा फुटतात तिथलं. तिकडे सहसा कोणी जात नसे. शोमारीचा एकुलता मुलगा मकामे मात्र तयार झाला. पोहण्यात त्याचा हात धरणारा बेटावर कोणी नव्हता. त्यानं बुड्या मारमारून दोर बांधले आणि माणसाएवढा एक गड्डा वर काढला.

पोवळं पाण्यातून काढलं की खरवसासारखं मऊ असतं, सुरीनं कापावं. वाऱ्यावर वाळलं की त्याचा दगड होतो. हे मात्र वाळता वाळेना. हातिबूनं कोनाडा कोरला, कडेनं वेलबुट्टी काढली, भिंतीत बसवून चुन्यानं सांधे भरले, तरी हात लावला की हाताला ओल लागायची. बोट जिभेवर टेकवलं तर खारट.

"समुद्रातलंच आहे, खारट नाही तर काय गोड लागणार?" शोमारी म्हणाला, आणि विषय तिथंच राहिला.

उत्तरेचं वारं लागलं तसा मकामे मदी नाखव्याच्या गलबतावर चढला. खंबायतचं कापड आणि लाल मणी घेऊन गलबत दक्षिणेला सोफालाला निघालं होतं. तिथून सोनं आणि हस्तिदंत भरून दक्षिणेच्या वाऱ्यावर परत यायचं. निरोप द्यायला सगळं बेट किनाऱ्यावर आलं होतं.

"बाबा, येताना काय आणू?" मकामेनं विचारलं.

"स्वतःला आण."

"सोनं नको?"

"ते तुझ्या आईला विचार."

त्याची आई तुमू गुडघाभर पाण्यात उभी होती. ती म्हणाली, "सोनं काय करू? त्याच्याशी भांडता येत नाही. मला सून आण."

खलाशी हसले. मकामे दोरावर लोंबकळत तिच्याकडे बघून खिदळला, आणि गलबत खडकांच्या फटीतून बाहेर पडलं.

नव्या मेहराबीचं कौतुक लवकरच आसपासच्या बेटांवर पोचलं. तिच्यापुढे उभं राहून शोमारी पढू लागला की त्याचा बारीक आवाज भरून, गोल होऊन मागच्या ओळींपर्यंत जायचा. आणि फातिहा, कुराणाचा पहिला अध्याय, संपल्यावर मागची सगळी जमात मोठ्यानं आमीन म्हणायची तेव्हा ते आमीन कोनाड्यात शिरून परत यायचं. परदेशी खलाशी मुद्दाम ऐकायला यायचे. शोमारी त्यांना समजावून सांगायचा, की कोनाड्याची पाठ गोल आहे, ओंजळीत बोलल्यासारखं होतं, दुसरं काही नाही.

परत येणारं आमीन जरा उशिरा येतं, हे त्याच्या सवयीनं लक्षात आलं. मोठं घर, मोठा कोनाडा, उशीर व्हायचाच, असं त्यानं मनाशी म्हटलं.

मग एका पावसाळी पहाटे नमाजाला अगदी मोजकी माणसं आली. बाकीचे छपराखाली घोरत पडले होते. शोमारीनं फातिहा पुरी केली, मागच्यांनी पेंगुळल्या आवाजात आमीन म्हटलं. कोनाड्यातून जे परत आलं ते भरल्या मशिदीचं होतं.

नमाजानंतर कोम्बो त्याच्याजवळ आला. कोम्बो हा बांग देणारा, लहानपणीच दृष्टी गेलेला. तो आवाजावर माणसं ओळखायचा आणि बोलणाऱ्याकडे बरोबर तोंड करायचा, त्यामुळे नवख्याला तो आंधळा आहे हे कळायचंही नाही.

"मुअल्लिम, आज उसी पुढच्या ओळीत होता का?" त्यानं विचारलं.

"उसी? तो तर मासेमारीला गेलाय. परवाच गेला."

"असं कसं? त्याचं ते नाकातलं आमीन. पुढूनच आलं."

"पावसात काहीही ऐकू येतं, कोम्बो."

"हो," कोम्बो म्हणाला. "पाऊस होता खरा."

उसीची होडी खारफुटीत उलटी सापडली. दुसऱ्या दिवशी उसीही सापडला. त्याला धुऊन, कफन घालून पुरलं, आणि त्या संध्याकाळी मगरिबच्या नमाजात शोमारीनं कान देऊन ऐकलं. कोनाड्यातून येणाऱ्या आमीनच्या शेपटाला एक आवाज होता, नाकातला, ओढल्यासारखा. शोमारीच्या मानेवर काटा आला. पण इमामाला नमाजात मागं वळता येत नाही, की थांबता येत नाही. तो पुढचं पढत राहिला.

घरी त्यानं तुमूला काही सांगितलं नाही. मनाला फक्त एक हिशेब लागला, आणि तो लागला नसता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. कारण दक्षिणेचं वारं सुरू झालं होतं.

गलबतं येऊ लागली. आज एक, चार दिवसांनी दुसरं. तुमू रोज दुपारी किनाऱ्यावर जाऊन बसायची. प्रत्येक नाखव्याला मदीच्या गलबताबद्दल विचारायची, आणि प्रत्येक जण सांगायचा, की ते आमच्या आधीच निघालं होतं.

"आधी निघालं मग मागं कसं राहिलं?" ती घरी येऊन शोमारीला विचारायची.

"पाण्यासाठी कुठं थांबले असतील. शीड फाटलं असेल."

"मदी शीड फाटू देणारा नाही."

"तुमू, माणूस आहे, फाटू शकतं."

नारळाच्या दुधातला भात ती अजूनही तिघांचा टाकत होती.

शोमारीला आता मगरिबची भीती वाटू लागली. दुपारच्या नमाजा मनातल्या मनात पढायच्या असतात, त्यांत आमीन मोठ्यानं नसतं. तेवढा वेळ तो सुटायचा. पण सूर्य खाडीपलीकडे कलू लागला की तो मशिदीच्या वाटेवर रेंगाळायचा. फातिहाचे शेवटचे शब्द तो ओढून ओढून म्हणायचा. मग जमात आमीन म्हणायची. मग तो ऐकायचा.

एका संध्याकाळी मदी नाखव्याचा आवाज आला. शिडाखाली ओरडून ओरडून घोगरा झालेला तो आवाज बेटावर सगळ्यांना ठाऊक होता. मग त्याच्या तांडेलाचा आला. मग एकेक खलाशी. जमातीला त्यातलं काही उमगत नव्हतं. लोक म्हणायचे, मेहराब दिवसेंदिवस जास्तच गाजतेय. कोम्बोला मात्र उमगत होतं. नमाज झाली की तो चाचपडत यायचा आणि शोमारीचा हात धरून नुसता उभा राहायचा.

मकामेला लहानपणापासून एक खोड होती. आमीनचा शेवट तो वर उचलायचा, प्रश्न विचारल्यासारखा. "आमीन म्हणतोस की कोणाला हाक मारतोस?" म्हणून शोमारीनं त्याला किती वेळा टोकलं होतं. ती खोड गेली नव्हती.

दक्षिणेचं वारं पडायला आलं होतं, तेव्हा एका मगरिबला कोनाड्यातून ते आमीन आलं. शेवट वर उचललेलं.

शोमारीनं ती नमाज कशी पुरी केली हे त्याला नंतर आठवेना. कोम्बोनं त्याचा हात धरला तेव्हा कोम्बोच रडत होता.

"सांगू नकोस कोणाला," शोमारी म्हणाला.

"तुमू वहिनींना?"

"कोणाला म्हणजे कोणालाच."

पण तुमूला काय कळायचं राहिलं होतं? भाताचं ताट पुढं ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही माझ्या नजरेला नजर देत नाही. बरेच दिवस झाले."

"डोळे दुखतात."

"अहो, मी तुमच्याशी लग्न केलंय, किल्व्याच्या पाहुण्याशी नाही. काय आहे ते बोला."

त्यानं सांगितलं. उसीपासून मकामेपर्यंत सगळं. बोलताना त्याचं त्यालाच ते इतकं वेडगळ वाटत होतं, की तुमूनं त्याला "काल काय खाल्लं होतं?" असं विचारावं असं त्याला वाटलं. तिनं तसं विचारलं नाही. रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी मगरिबच्या वेळी ती मशिदीच्या मागच्या बाजूला, मेहराबीची फुगीर पाठ बाहेर येते तिथं, भिंतीला गाल लावून उभी राहिली.

शोमारी बाहेर आला तेव्हाही ती तशीच उभी होती.

"तोच आहे," ती म्हणाली. मग तिनं गालावरून हात फिरवला. "भिंत ओली आहे हो."

त्या दिवसापासून तिनं भात दोघांचा टाकायला सुरुवात केली. पण संध्याकाळ झाली की ती भिंतीपाशी जायचीच. तेवढंच उरलं होतं. एकदा शोमारीनं तिला भिंतीशी हळू आवाजात बोलताना ऐकलं. तिकडचं पाणी थंड असतं का, असं ती विचारत होती.

आणि वारं पूर्ण पडल्यावर, आता कोणी येणं शक्यच नाही अशा दिवसांत, समोरच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत वाहणाऱ्यांची एक होडी आली. तिच्यातून मकामे उतरला.

हाडांचा सापळा झाला होता. ओठ फाटलेले, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. हस्तिदंतवाल्यांनी सांगितलं, की गलबत एका वाळूच्या दांड्यावर फुटलं, बाकीचे सगळे गेले, हा एकटा किनाऱ्याला लागला. दक्षिणेकडच्या एका गावानं त्याला ज्वारीची पेज पाजून जगवलं, आणि मग तो त्यांच्या तांड्याबरोबर चालत वर आला. बोलत मात्र नाही. खारं पाणी पोटात गेलं, घसा जळला असणार.

तुमू पाण्यात धावली आणि त्याला धरून खालीच बसली. मग शोमारीकडे वळून ती ओरडली, "जिवंत पोराला पुरलंत तुम्ही! भिंतीचं ऐकून! मलाही भिंतीला कवटाळायला लावलंत!"

शोमारीला आयुष्यात कोणाच्या शिव्या इतक्या गोड लागल्या नव्हत्या. तो रडत हसत होता. मकामेचं तोंड त्यानं दोन्ही हातांत धरलं. तोंड ऊन होतं, जिवंत होतं. मकामेनं ओठ हलवले. बाबा, असा शब्द ओठांवर उमटला. ऐकू काही आलं नाही.

"येईल, येईल आवाज," शोमारी म्हणाला. "मध आणि आलं देऊ."

कोम्बो गर्दीतून चाचपडत आला. "कुठं आहे मकामे?"

मकामे त्याच्यासमोरच उभा होता. त्यानं कोम्बोचे दोन्ही हात धरले. कोम्बो दचकला.

"हात कोणाचा आहे?" त्यानं विचारलं. "इथं कोणी आहे?"

लोक हसले. शोमारीही हसला. त्या संध्याकाळी मशीद भरून गेली. मकामे बापाच्या पाठीमागं, पहिल्या ओळीत उभा राहिला. शोमारीनं फातिहा संपवली आणि सगळ्यांनी आमीन म्हटलं.

कोनाड्यातून परत आलेल्या आमीनमध्ये मकामेचा आवाज होता. शेवट वर उचललेला, ठणठणीत.

मध आणि आलं दिलं. चिंचेचं पाणी दिलं. समोरच्या किनाऱ्यावरचा वैद्य येऊन घसा बघून गेला आणि म्हणाला, आत काही बिघडलेलं दिसत नाही. मकामे खात होता, झोपत होता, आईला पाणी ओढून देत होता. पण तुमू अस्वस्थ होती. काय खटकतंय ते तिला नेमकं सांगता येत नव्हतं. मग एके दिवशी मकामेच्या हातून मातीचा घडा निसटून फरशीवर फुटला. तुमू पाठमोरी होती. वळून पाहिल्यावरच तिला ते कळलं.

"अहो," ती शोमारीला म्हणाली, "मला आवाज आला नाही."

"तुझं लक्ष नसेल."

"हातभर अंतरावर घडा फुटला आणि लक्ष नसेल?"

मग शोमारीही बघू लागला. मकामे अंघोळीला पाणी अंगावर घ्यायचा, ते पाणी नुसतं सांडायचं. तो अंगणातल्या शंखशिंपल्यांवरून चालायचा, शिंपले पायाखाली मोडलेले दिसायचे. भाकरी तोडायचा, खोकायचा, झोपेत कूस बदलायचा. सगळं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. त्यालाही ते कळत होतं. तो बसल्या बसल्या टाळी वाजवायचा आणि आपल्या तळहातांकडे बघत राहायचा. टाळ्या जोरजोरात वाजवून त्याचे हात लाल व्हायचे.

आणि तो वाळत चालला होता. कितीही खाल्लं तरी अंगी लागत नव्हतं. उलट कोनाड्यातला त्याचा आवाज रोज भरत होता. लोकांच्याही आता ते कानी आलं. पहिली ओळ मेहराबीपासून मागं सरकू लागली. मग काहीजण घरीच नमाज पढू लागले.

तुमू शोमारीपुढे उभी राहिली. "ती मेहराब फोडा."

"तुमू, ती मशीद आहे."

"दुसरी बांधा. मातीची बांधा, मी माती वाहीन. पण ती फोडा. माझं पोर डोळ्यांदेखत आत ओढलं जातंय."

शोमारीनं वाद घातला नाही. भर दुपारी, दोन नमाजांच्या मधे, तो हातिबूला घेऊन मशिदीत गेला. तुमू आणि मकामे दारात उभे राहिले. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत गारवा होता आणि कोनाडा ओला चकाकत होता.

"मुअल्लिम, हे मी माझ्या हातानं केलंय," हातिबू म्हणाला.

"म्हणूनच तुला बोलावलं."

हातिबूनं बिस्मिल्ला म्हणून छिन्नी टेकवली आणि हातोडा घातला. नखाएवढी कपची उडाली.

कोनाड्यातून किंकाळी आली.

आजवर त्यातून आमीनखेरीज काही आलं नव्हतं. ही किंकाळी मकामेची होती. शोमारी गर्रकन दाराकडे वळला. मकामे गुडघ्यांवर कोसळला होता, दोन्ही हातांनी गळा धरून, तोंड वासून. त्याच्या तोंडातून काही येत नव्हतं. किंकाळी पुढून येत होती, दगडातून, आणि मकामेचा श्वास संपला तेव्हा ती थांबली.

हातिबू हातोडा टाकून पळाला.

तुमूनं मकामेला छातीशी धरलं. "नका," ती शोमारीला म्हणाली. "आता नका काही करू. अल्लाच्या वास्त्यानं, नका." फोडा म्हणणारी तीच, आता हात जोडत होती. शोमारीनं दोघांना घरी पाठवलं.

मग तो एकटा मेहराबीसमोर उभा राहिला.

मेहराब म्हणजे फक्त दिशा, हे तो आयुष्यभर मुलांना शिकवत आला होता. ती मक्केकडे बोट दाखवते, एवढंच. तिच्याजवळ कोणी काही मागत नाही. अल्लाला सोडून मागणाऱ्याचं काय होतं, तेही त्यानंच शिकवलं होतं.

त्यानं मान खाली घातली, आणि ज्याच्याकडे मागायला हवं होतं त्याच्याकडे न मागता तो त्या ओल्या दगडाशी बोलला.

"त्याचा त्याला परत दे," तो म्हणाला. "माझा घे."

मशीद रिकामी होती. इथं साधं खाकरलं तरी कोनाडा दुप्पट करून परत द्यायचा.

काहीच परत आलं नाही. शब्द आत गेले आणि आतच राहिले.

संध्याकाळी मोजकीच माणसं आली. मकामेला दोन बाजूंनी धरून आणावं लागलं. तुमू बाहेर, मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. कोम्बोनं बांग दिली.

शोमारी मेहराबीत उभा राहिला. हात बांधले. पढू लागला. त्याचे शब्द नेहमीसारखे गोल होऊन मशीदभर फिरत होते. पढताना छातीत जी थरथर व्हायची, ती मात्र त्याला जाणवत नव्हती.

फातिहाचा शेवटचा शब्द आला.

मागून आमीन उठलं.

आणि त्यात, अगदी पाठीशी, मानेवर ऊब जाणवेल इतक्या जवळून, एक आवाज होता. चिरका, गंजलेला, शेवट वर उचललेला.

भिंतीपलीकडून तुमूचा हंबरडा ऐकू आला.

शोमारीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यानं नमाज पुरी केली, उजवीकडे सलाम केला, डावीकडे सलाम केला, आणि वळायच्या आत मकामेनं त्याला मिठी मारली. "बाबा," मकामे म्हणत होता. "बाबा, बाबा, बाबा." म्हातारे रडत होते. कोणी पाठ थोपटत होतं, कोणी मोठ्यानं अल्लाचे आभार मानत होतं. तुमू दारातून थेट आत घुसली आणि कोणी तिला अडवलं नाही. तिनं मकामेला बखोटीला धरलं.

"चल घरी. बोलत बोलत चल. शिव्या दे, काहीही बोल, पण बोल."

"अगं आई, हात उपटून येईल!"

"येऊ दे!"

त्यांचा आवाज गल्लीतून लांब जात राहिला. शिंपल्यांवर मकामेची पावलं करकर वाजत होती. माणसं त्यांच्या मागोमाग गेली. शोमारी दारापर्यंत आला आणि उंबरठ्यावर थांबला. पश्चिमेला अजून तांबडं होतं. आयुष्यात इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.

कोम्बो तेवढा मागं राहिला होता. दाराशेजारी, शोमारीपासून हातभर अंतरावर, तो वाकून आपली काठी चाचपत होता. काठी भिंतीला टेकलेली होती. शोमारीनं ती उचलून त्याच्या हातात दिली.

"चल कोम्बो," तो म्हणाला. "आज आमच्याकडेच जेव."

कोम्बो सरळ झाला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला. शोमारीकडे पाठ करून तो आत, रिकाम्या मशिदीकडे वळला.

"आलो, मुअल्लिम," तो म्हणाला. "तुम्ही अजून तिथंच उभे आहात होय?"

आणि हात पुढं करून तो सावकाश मेहराबीच्या दिशेनं चालू लागला.